प्रश्न तुमचे : कॅलेंडर हाती घेऊन पोलंड

(या अंकातील प्रश्न पोलंडमध्ये शिकायला निघालेल्या किंवा तेथे नुकत्याच पोहोचलेल्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. उत्तरे देणाऱ्या लेखिकेने क्राकूफमध्ये दोन सत्रे इतिहासाचा अभ्यास केला आहे.)

प्रश्न : मी इतिहास विषयात एम.ए. करीत असून विद्यार्थी-विनिमय योजनेतून ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी क्राकूफला जात आहे. पाहण्याच्या जागांची यादी केली, तर ती चाळिसाच्या पुढे गेली. अभ्यास सांभाळून एवढे सगळे कसे पाहावे आणि सुरुवात कोठून करावी? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमची यादी मी वाचली. तीत चुकीचे काही नाही. पण ती आठ दिवसांच्या पर्यटकाची यादी आहे आणि तुमच्या हाती जवळजवळ पाच महिने आहेत. म्हणून माझी सूचना अशी, की यादी पेटीच्या तळाशी ठेवावी आणि पोलंडचे कॅलेंडर खोलीच्या भिंतीला लावावे. या देशात काय पाहावे यापेक्षा ते कोणत्या तारखेला पाहावे याला अधिक महत्त्व आहे, आणि याचे कारण त्याच्या इतिहासात आहे.

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत पोलंडची वाटणी केली. आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली, त्याच वर्षी तिकडे हे राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि ते परत आले १९१८ मध्ये, म्हणजे १२३ वर्षांनी. कवी आदाम मित्स्किएविच, संगीतकार शोपँ, शास्त्रज्ञ मारी क्युरी ही पोलंडची म्हणून आपण ओळखतो ती माणसे जन्मली, तेव्हा पोलंड नावाचे स्वतंत्र राज्यच अस्तित्वात नव्हते. क्युरी पतिपत्नींनी १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्याला पोलोनियम हे नाव दिले, ते या नसलेल्या देशाचे. राज्य, सैन्य आणि नाणे हातातून गेल्यावर या लोकांनी आपला देश भाषेत, कबरस्तानात, जेवणाच्या मेजावर आणि तारखांत जपून ठेवला. पुढच्या सत्तांनाही हे कळत होते. ३ मे ही १७९१ च्या राज्यघटनेची तारीख आणि ११ नोव्हेंबर ही १९१८ च्या स्वातंत्र्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने या दोन्ही सुट्ट्या रद्द करून २२ जुलै हा आपला दिवस राष्ट्रीय सण केला. ती राजवट कोसळू लागताच ११ नोव्हेंबर १९८९ मध्ये आणि ३ मे १९९० मध्ये परत आला.

तुमचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होईल. पहिला महिना कागदपत्रे, खोली आणि ट्रामचे पास यांत जाईल, तो जाऊ द्यावा. खरा आरंभ १ नोव्हेंबरचा. त्या दिवशी सगळा देश आपापल्या मृतांच्या भेटीला निघतो. संध्याकाळी राकोवित्स्की कबरस्तानात जावे आणि जाताना फाटकाबाहेरून काचेच्या डबीतला एक दिवा विकत घ्यावा. हजारो दिव्यांच्या उजेडात माणसे हलक्या आवाजात बोलत फिरत असतात. कोणी मोठ्याने रडत नाही, आणि फोटो काढण्यासाठी कोणी वाटही अडवीत नाही. ज्या थडग्याकडे कोणी फिरकलेले नाही अशा एखाद्यावर तुमचा दिवा ठेवावा. तेथे अनेक जण तसे करतात. आपली सर्वपित्री घरात आणि पानात असते, म्हणून मला आरंभी हे सारे फार वेगळे वाटले होते. नंतर कळले, की पूर्वी तिकडेही मृतांना बोलावून जेवू घालण्याची रीत होती. त्या विधीचे नाव ‘जादी’, म्हणजे पूर्वज. मित्स्किएविचने त्यावरून त्याच नावाचे नाटक लिहिले आणि त्याच्या तिसऱ्या भागात रशियाच्या झारने विद्यार्थ्यांचा केलेला छळ आणला. वॉर्सातील राष्ट्रीय नाट्यगृहात १९६७ च्या अखेरीस हे नाटक उभे राहिले, तेव्हा झारविरोधी वाक्यांना टाळ्या पडू लागल्या, आणि त्या टाळ्या खऱ्या कोणाविरुद्ध आहेत हे सरकारने बरोबर ओळखले. जानेवारी १९६८ मध्ये प्रयोग बंद झाले, मार्चमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि राज्यकर्त्यांनी त्या असंतोषाचे खापर ज्यूंवर फोडून हजारो ज्यूंना देश सोडायला लावला. पितरांच्या जेवणापासून विद्यापीठातील लाठीमारापर्यंतचा हा धागा मला एका दिव्याच्या निमित्ताने सापडला. वस्तुसंग्रहालयातील पाटी वाचून तो हाती लागला असता असे मला वाटत नाही.

त्यानंतर पाचच दिवसांनी येणारी ६ नोव्हेंबर ही तारीख पर्यटकांच्या पुस्तकांत फारशी नसते, पण विद्यार्थी म्हणून ती तुमची आहे. १९३९ मध्ये या दिवशी जर्मन अधिकाऱ्यांनी क्राकूफच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने यागिएलोनियन विद्यापीठाच्या कोलेगियम नोवुम या इमारतीत बोलावले आणि तेथूनच १८० हून अधिक जणांना अटक केली. त्यांपैकी बहुतेकांची रवानगी झाक्सनहाउझनच्या छळछावणीत झाली आणि काही जण तेथून परतलेच नाहीत. १३६४ मध्ये स्थापन झालेले, कोपर्निकस ज्या वर्गांत बसला ते विद्यापीठ बंद पडले. पण शिकवणे चोरून चालू राहिले. तुमचे एखादे व्याख्यान त्या इमारतीत असेल, तर जिना चढताना हे आठवेल.

११ नोव्हेंबरला झेंडे आणि मिरवणुका असतात. ते सारे डोळ्यांसमोरच असते, त्यावर वेगळे सांगण्यासारखे काही नाही. १३ डिसेंबरला मात्र संध्याकाळी खिडक्यांकडे पाहावे. १९८१ मध्ये त्या दिवशी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला आणि ग्दान्स्कच्या गोदीतून उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेच्या हजारो कार्यकर्त्यांना स्थानबद्ध केले. त्या आठवणीने काही घरांत अजून खिडकीत मेणबत्ती लावतात.

जागा एकच सुचवायची झाली, तर मी मुख्य चौकातल्या सुकिएनित्से या जुन्या कापडबाजाराच्या वरच्या मजल्यावरील चित्रदालनाचे नाव घेईन. तेथे यान मातेइको याने १८८२ मध्ये पूर्ण केलेले ‘प्रशियाचे मांडलिकत्व’ हे भिंतभर चित्र आहे. १५२५ मध्ये प्रशियाचा आल्ब्रेख्ट पोलंडच्या राजासमोर गुडघे टेकतो, तो प्रसंग खाली याच चौकात घडला होता. मातेइको चित्र रंगवीत होता, तेव्हा त्याच प्रशियाने पोलंडचा पश्चिम भाग गिळलेला होता. चित्रात सगळा दरबार विजयाच्या तोऱ्यात असताना स्तान्चिक नावाचा विदूषक एकटा विचारात बुडून बसला आहे, आणि त्याला चित्रकाराने स्वतःचा चेहरा दिला आहे. असे चित्र क्राकूफमध्ये निघू शकले, कारण ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या या भागाला १८६० नंतरच्या दशकात बरीच स्वायत्तता मिळाली होती; रशियाच्या ताब्यातील वॉर्सात त्या वेळी पोलिश शिक्षण चोरून द्यावे लागत होते. या एका भिंतीसमोर तासभर बसावे. सरकारी वस्तुसंग्रहालयांतील कायमची दालने आठवड्यातून एक दिवस विनामूल्य असतात. तो दिवस प्रत्येक ठिकाणी निराळा असल्याने आधी विचारून घ्यावा.

प्रश्न : माझे सगळे वर्ग इंग्रजीत आहेत. पाच महिन्यांत पोलिश येणे शक्य नाही असे सगळे सांगतात. तरी शिकावी का? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : शिकावी. पोलिश अवघड आहे हे खरे. पण मराठी माणसाला ती जेवढी अवघड वाटेल असे सांगितले जाते, तेवढी ती निघत नाही. माझ्या वर्गातली इंग्लंडची आणि कोरियाची मुले तीन लिंगे ऐकून हवालदिल झाली होती. पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग लहानपणापासून तोंडी असलेल्या मला त्याचे काही वाटले नाही. ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ यांतील फरक पोलिशमध्येही तसाच आहे : पुरुष ‘बिवेम’ म्हणतो, बाई ‘बिवाम’ म्हणते. विभक्ती सात आहेत आणि नामाचे रूप प्रत्येकीत बदलते. ‘घोडा, घोड्याने, घोड्याला’ चालवून दाखवायला शाळेत शिकलेल्यांना निदान हे काय चालले आहे ते तरी कळते. उच्चारांतही आपल्याला एक लाभ आहे. ‘चोर’मधला च आणि ‘चिमणी’मधला च, ‘जाळे’मधला ज आणि ‘जीव’मधला ज हे भेद पोलिशमध्ये वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. रात्रीला ‘नोत्स’ म्हणतात, त्यातला शेवटचा आवाज आपल्या ‘चोर’चा आहे. जेथे मराठी कान खरोखर अडखळतो, ते म्हणजे व्यंजनांचे ढीग. ‘प्शेप्राशाम’, म्हणजे माफ करा, हा शब्द पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त लागतो आणि तोच जिभेला सर्वांत कठीण जातो.

काही शब्द तर घरचेच वाटतात. धुराला ‘दिम’, अग्नीला ‘ओगिएन’, नभाला ‘निएबो’, विधवेला ‘व्दोवा’ म्हणतात. संस्कृत आणि स्लाव भाषा एकाच प्राचीन कुळातल्या असल्याने हे साम्य आले आहे. त्यावरून फार मोठे सिद्धांत मांडू नयेत, ओळख पटली एवढ्यावर समाधान मानावे.

संबोधनाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘तू’ म्हणता येत नाही. पुरुषाला ‘पान’ आणि स्त्रीला ‘पानी’ म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी ठेवतात. आपल्याकडे हॉटेलात समोर बसलेल्यालाच ‘साहेब काय घेणार?’ असे विचारतात, तशीच ही रचना आहे. दुकानात शिरताना ‘जेन दोब्री’, म्हणजे नमस्कार, आणि निघताना ‘दो विद्झेन्या’ म्हणावे. पाच महिन्यांत कादंबरी वाचता येणार नाही, पण घरमालकीणबाईंशी दोन वाक्ये बोलता येतील, आणि मला तेथल्या इतिहासातले बरेच काही अशा बाईंकडूनच कळले.

प्रश्न : आमच्या आजोबांकडून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीविषयी खूप ऐकले आहे. माझी मुलगी वॉर्सात शिकते. ती तेथे याबद्दल विचारते, तर बहुतेक मित्रमैत्रिणींना काही माहीत नसते. असे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलीला आलेला अनुभव मलाही आला आणि आरंभी तो मनाला लागला. आपण कोल्हापूरकर ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि ज्यांची ती आहे त्यांना ती ठाऊक नाही, असे कसे? त्याचे उत्तर छावणीतली माणसे मुळात कोठून आली यात आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर चढाई केली. पूर्व भाग घेतल्यावर सोव्हिएत सत्तेने १९४० आणि १९४१ मध्ये तेथील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडले. पुढे हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये मॉस्को आणि लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. पुरुष जनरल आंदेर्स यांच्या सैन्यात भरती झाले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतली सुमारे पाच हजार माणसे १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याला राहिली. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटके यांविषयी आपल्या आजोबांनी सांगितले असेलच. गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांसाठी जी छावणी उघडली, ती याआधीची, १९४२ ची.

आता युद्धानंतरचे पाहा. या लोकांची गावे ज्या पूर्व पोलंडमध्ये होती, तो भाग सोव्हिएत संघाकडेच राहिला, म्हणजे परत जायला घरच उरले नव्हते. वॉर्सात मॉस्कोच्या कृपेचे सरकार बसले होते. त्यामुळे वळिवड्याची पुष्कळ माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेली आणि आठवणीही त्यांच्याबरोबर बाहेर गेल्या. जी पोलंडला परतली, त्यांना सैबेरियाचे नाव चारचौघांत घेण्याची सोय नव्हती. १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिक ठार केले, त्याचीही कबुली मॉस्कोने १९९० मध्येच दिली. सैबेरियाबद्दल बोलायचे नाही, म्हटल्यावर तेथून सुटून कोल्हापूरला कसे पोहोचलो हे तरी कसे सांगणार? आपल्या मुलीच्या मित्रांचे आजीआजोबा अशा गप्प घरांत वाढले आहेत.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलते आहे. वॉर्सात मोन्ते कासिनो स्मारकाजवळ कोल्हापूरचे स्मारक आहे, ओखोता भागात ‘भल्या महाराजांचा’, म्हणजे जामसाहेबांचा, चौक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी पुष्पचक्र वाहिल्यावर तेथल्या वर्तमानपत्रांतूनही हा विषय आला. बिआविस्तोक या शहरात २०२१ मध्ये सैबेरियाच्या हद्दपारीचे मोठे वस्तुसंग्रहालय उघडले आहे; तेथे मुलीला जरूर पाठवावे. आणि आपल्या आजोबांनी सांगितलेले जे काही आठवते, ते तारखा पक्क्या नसल्या तरी लिहून तिच्याकडे द्यावे. छावणीतल्या लोकांनी आपली बाजू बरीच लिहून ठेवली आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे आणि गांधीनगरमधील शेजाऱ्यांच्या आठवणी त्या मानाने फार थोड्या कागदावर आल्या आहेत.

प्रश्न : क्राकूफला पोहोचताच सगळे ऑश्विट्झला जातात. मला जावेसे वाटते आणि भीतीही वाटते. पहिल्याच महिन्यात जावे का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जावे, पण पहिल्या महिन्यात नको. सकाळी ऑश्विट्झची छळछावणी आणि दुपारी वियेलिच्काची मिठाची खाण अशा एका दिवसाच्या सहली क्राकूफमध्ये सर्रास विकल्या जातात. त्यांत तर मुळीच जाऊ नये. खाण सुंदर आहे, ती दुसऱ्या एखाद्या रविवारी पाहावी.

आधी तुम्ही राहता ते शहर पाहा. युद्धापूर्वी क्राकूफमधील सुमारे चौथा हिस्सा लोक ज्यू होते. काझिमिएश या त्यांच्या जुन्या वस्तीत आज हॉटेले आणि खाण्याच्या गाड्या आहेत, पण रेमुह सिनेगॉग आणि त्यामागची जुनी दफनभूमी जागेवर आहे. तेथून नदीवरचा पूल ओलांडला की पॉडगुझे लागते. मार्च १९४१ मध्ये जर्मनांनी येथे घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची भिंतीआडची वस्ती, उभारला आणि दोन वर्षांनी तो रिकामा केला. चौकात आज लोखंडी आणि ब्राँझच्या रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत, आणि कोपऱ्यावर तादेऊश पानकिएविच या पोलिश औषधविक्रेत्याचे दुकान आहे. घेटोच्या भिंतीच्या आत त्याने ते चालू ठेवले होते. हे चालत पाहून झाल्यावर ऑश्विट्झमध्ये जी अकरा लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, त्यांतली काही या गल्ल्यांतली होती हे मनात असते, आणि मग आकडा नुसता आकडा राहत नाही. छावणी क्राकूफच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. प्रवेशाची वेळ संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने आधी ठरवावी लागते. त्या संध्याकाळी कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

दोन गोष्टी बोलताना सांभाळाव्यात. ‘पोलिश छळछावणी’ असा शब्दप्रयोग करू नये. ती जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमध्ये उभारलेली जर्मन छावणी होती आणि या शब्दाने तेथील माणसे फार दुखावतात, ते योग्यच आहे. दुसरी गोष्ट नाजूक आहे. ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्राएलने गौरवलेल्यांत पोलिश लोकांची संख्या सर्वांत मोठी, सात हजारांहून अधिक आहे. आणि जुलै १९४१ मध्ये येद्वाब्ने गावात पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना कोठारात कोंडून जाळले, हेही घडलेले आहे. या दोन्ही गोष्टींवर पोलंडमध्ये आजही तावातावाने वाद होतात. पाहुण्याने त्यात निकाल देऊ नये, ऐकावे. मात्र कोणी यांतली एकच गोष्ट सांगू लागला, तर दुसरीही आपल्याला ठाऊक असावी.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. वर्गमैत्रिणीने नाताळच्या आदल्या रात्री घरी जेवायला बोलावले आहे. जावे का, आणि काय न्यावे? — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : असे बोलावणे परक्याला सहज मिळत नाही, म्हणून जरूर जावे. २४ डिसेंबरच्या या जेवणाला ‘विगिलिया’ म्हणतात. परंपरेने हा उपवासाचा दिवस असल्याने मांस नसते, आणि तरी मेजावर बारा पदार्थ असतात. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपलेच नाही, हे पाहून बरे वाटेल. मासे मात्र उपवासाला चालतात, त्यामुळे आपण तेही खात नाही हे आधीच सांगावे. बिटाचे सूप, कोबी आणि रानातल्या अळंब्या भरलेले करंजीच्या आकाराचे पिएरोगी, खसखशीचे गोड पदार्थ एवढे निश्चित मिळेल. इतर दिवशी बटाटा आणि पनीरसारखे चीज भरलेले पिएरोगी घ्यावेत, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात का ते विचारावे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ‘दुधाच्या खानावळी’ स्वस्त आहेत आणि तेथे शाकाहारी माणसाची सोय बरी होते.

जेवण आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर सुरू होते. मेजावरच्या कापडाखाली थोडे गवत पसरलेले असते आणि एक पान जास्तीचे मांडलेले असते, अवचित येणाऱ्यासाठी. आधी प्रत्येक जण हातात पातळ पांढरी पापडी घेऊन दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडतो आणि त्याला शुभेच्छा देतो. तुमच्यासमोरही सगळे एकेक करून येतील. मराठीत दिलेल्या शुभेच्छाही चालतात.

नेताना फुले न्यावीत, ती विषम संख्येत. सम संख्या अंत्यविधीची. शेवंती अजिबात नको. आपण ती देवाला वाहतो आणि वेणीत माळतो, तिकडे ती १ नोव्हेंबरला थडग्यांवर ठेवतात. दारात बूट काढायची सवय आपल्याला असतेच. यजमान घरात घालायला सपाता पुढे करतील, त्या घालाव्यात, डिसेंबरात तेथली फरशी फार गार असते.